इंडोनेशियाची वीज पामतेलावर? नाही!

‘इंडोनेशियानं कोळसा बंद केला, आता सगळी वीज पामतेलावर’ असा मजकूर ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. तिथली निम्म्याहून जास्त वीज आजही कोळशाचीच.

पामतेलापासून बनवलेलं डिझेल, म्हणजे बायोडिझेल, वापरलं जातं ते डिझेल जनित्रांत. आणि अशी जनित्रं मुख्यतः मोठ्या ग्रिडपासून (वीजवाहिन्यांच्या जाळ्यापासून) तुटलेल्या दूरच्या बेटांवर आहेत. त्यांत कढईतलं पामतेल ओतत नाहीत, बरं का! तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून, ग्लिसरीन वेगळं काढून हे इंधन बनतं. २०२५ पासून तिथं लागू झालेल्या ‘बी४०’ मिश्रणात ते ४० टक्के, उरलेलं ६० टक्के नेहमीचं खनिज डिझेल. शिवाय बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा थोडी कमी असते, त्यामुळे तेवढ्याच युनिटांसाठी इंधन जरा जास्तच जळतं.