बोलायचं लायसन

बोलायला सरकारी परवाना लागतो, हे वाक्य कोल्हापूरच्या गंगावेशीत उभं राहून मोठ्यानं म्हणून बघा. आमच्याकडं माणूस रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेच्या माणसाशी बोलतो, आणि मधून केएमटीची बस गेली तरी वाक्य तोडत नाही, आवाज वाढवतो. अशा गावात मी हॅम रेडिओची, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या सेटवरून लांबच्या माणसांशी बोलायच्या रेडिओची, परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. मित्राचा पहिला प्रश्न, "मर्दा, बोलायला लायसन? गाडीचं तरी हाय का तुझ्याकडं?"

गाडीला आठ काढून दाखवलं की भागतं. इथं रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन विषय. वयाची अट किमान 12 वर्षं, म्हणजे ज्या वयात मी रंकाळ्यावर भेळेसाठी हट्ट करत होतो त्या वयाची पोरं ओहमचा नियम घडाघडा म्हणतात. जनरल श्रेणीच्या परवान्याला मोर्सही लागतो, म्हणजे टकटकीतून अक्षरं पाठवायची लिपी, मिनिटाला 8 शब्द. मिसळीच्या टेबलावर बोटानं टकटक करून सराव सुरू केला, तर वेटरनं न विचारता आणखी कट आणून ओतला. मग मी मुकाट्यानं रिस्ट्रिक्टेड श्रेणी धरली. तिला मोर्स नाही. लघुलहरींवर ताकद मात्र 50 वॅटपर्यंतच.

तंत्र एकवेळ परवडलं, नियमांनी घाम काढला. धंद्याचं बोलायचं नाही. गाणी लावायची नाहीत. अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा चालत नाही. अपशब्द अजिबात नाही, आणि आमच्या पेठेत प्रेमानं हाक मारायची तरी सुरुवात तिथनंच होते. राजकारण हॅम मंडळी रिवाजानंच टाळतात. सुरुवातीला आणि शेवटी आपलं कॉलसाईन, म्हणजे परवान्यावरचं अक्षर-आकड्यांचं नाव, सांगायचं, आणि कोणाशी, कधी, कुठल्या लहरीवर बोललो ते वहीत लिहायचं. कट्ट्यावरच्या गप्पांची अशी वही ठेवली असती तर निम्म्या गावाची लग्नं मोडली असती.

पण 1978 च्या नियमांतलं एक कलम वाचलं आणि मी सरकारवर फिदा झालो. तांत्रिक चाचण्यांविषयी बोला, नाहीतर खाजगी बोला. पण ते खाजगी बोलणं इतकं बिनमहत्त्वाचं हवं की त्यासाठी फोन-तारेचा खर्च करणं योग्य ठरू नये! आमच्या घराण्यानं हे काम पिढ्यान्‌पिढ्या विनापरवाना केलं. कायद्यानं बिनकामाचं बोलणं सक्तीचं केलेलं क्षेत्र जगात असेल आणि तिथं कोल्हापूरकर मागं राहील, हे शक्यच नव्हतं. पास झालो.

कॉलसाईनच्या सुरुवातीला लावायला भारताला जगानं व्हीयू ही अक्षरं दिली आहेत. राजीव गांधीही हॅम होते, त्यांचं कॉलसाईन व्हीयू टू आरजी. माझं व्हीयू थ्रीनं सुरू होतं. रेडिओवर अक्षरं नीट कळावीत म्हणून ती शब्दांत सांगतात : व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री... मी रोज सकाळी गच्चीच्या खोलीतून हे ओरडायला लागलो. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवलं. "कोण रं हा व्हिक्टर? अजून त्याला युनिफॉर्म मिळाला न्हाई व्हय?"

लहरींची वाटणी हा तर भाऊबंदकीचाच प्रकार आहे. जिनिव्हाला मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं जगाचे तीन विभाग केलेत, आपण तिसऱ्यात. चाळीस मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात आपल्याला 7000 ते 7200 किलोहर्ट्‌झ. अमेरिकेतल्या हॅमला तोच पट्टा 7300 पर्यंत. तो 7250 वर निवांत हवापाण्याच्या गप्पा मारणार. मी तिथं नुसतं खाकरलो तरी अतिक्रमण, कारण आपल्याकडं 7200 च्या वर प्रसारण केंद्रांची हद्द सुरू होते. बांधावरून कोर्टात जाणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. मित्र लगेच म्हणाला, "शंभर किलोहर्ट्‌झ कमी दिल्यात की रं! मोजणी मागव."

खरी वाटणी मात्र गच्चीवर झाली. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी साधा डायपोल अँटेना बांधायचा तर टोकापासून टोकापर्यंत साधारण 20 मीटर तार लागते. मी ती पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या खांबापर्यंत, मध्यावर केबल जोडून, ताणून बांधली. दुसऱ्या दिवशी रेडिओ सुरू केला तर एसडब्ल्यूआरचा, म्हणजे अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा, काटा भलतीकडंच. वर जाऊन पाहतो तर तारेवर दोन चादरी, एक नऊवारी आणि काकांचे लेंगे. सेटची ताकद परत माझ्याकडंच येत होती.

"काकू, ही अँटेना आहे. मी बोलत असताना हात लागला तर भाजेल."

"मग बोलू नको की."

मी भूजचा दाखला दिला : 2001 च्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले. आपल्याकडं 2019 चा महापूर आठवा, म्हटलं. पुराचं नाव काढल्यावर काकू जरा मऊ झाल्या. "पूर आला की कपडं काढते. तवर दुपारी दोनपर्यंत दोरी माझी." जिनिव्हाच्या निर्णयावर निदान पुढच्या परिषदेत फेरविचार होतो.

तेव्हापासून मी दुपारी दोननंतर बोलतो. परवा काकू वाळलेले कपडे न्यायला आल्या आणि दारात थांबून ऐकत राहिल्या. बेळगावचे एक गृहस्थ गुडघेदुखीवर बोलत होते, सविस्तर. मी गप्प बसलेला बघून काकूंना नवल वाटलं.

"तू मधी का बोलत न्हाईस?"

"एका वेळी एकानंच बोलायचं असतं. ते 'ओव्हर' म्हणेपर्यंत मी गप्प."

"मधी बोललं तर?"

"बटण दाबलं की आपल्यालाच ऐकू येत नाही, त्यांचंही आणि कुणाचंच."

काकूंनी लेंगे खांद्यावर टाकले. "वयाची अट काय म्हणालास?"

"बाराच्या पुढं कितीही."

"मग एक फॉर्म आमच्या ह्यांचा भर," काकू म्हणाल्या, "आणि नुसतं ऐकायचं लायसन मिळत असलं तर तेच बघ."