बाटली पडली, म्हणून विमान उडत नाही

गुडघा अजून ठणकतोय म्हणून आधीच सांगतो, चूक माझी नव्हती. गंगापूर रोडच्या आमच्या जिममध्ये कुणीतरी ट्रेडमिल चालू सोडून पाणी प्यायला गेलं आणि मी अर्धवट झोपेत त्यावर पाय ठेवला. पुढचं एका सेकंदात उरकलं. पडलं की पट्टा थांबवते ती सेफ्टी क्लिपची दोरी? तिने खिडकीचा पडदा बांधलाय.

शेजारच्या बंद ट्रेडमिलवर माकडटोपीवाले एक काका पेपर वाचत उभे होते. ते रोज तसेच उभे असतात, आणि फी आमच्याइतकीच भरतात. वाटलं हात देतील. काकांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "आता हेच बघा. विमान असं पट्ट्यावर ठेवलं आणि पट्टा तेवढ्याच स्पीडने उलटा फिरवला, तर उडेल? नाही उडणार. जागेवरच राहील."

माणूस पालथा पडलाय आणि ह्यांना विमान सुचतंय!

मी पण असला की उठायचं सोडून तिथेच बसून वाद घालायला लागलो. म्हटलं, काका, उडेल. गाडीचं इंजिन चाकं फिरवतं, म्हणून गाडी पट्ट्यावर जागच्या जागी पळेल. मी पण पायानेच चालतो, म्हणून आपटलो. विमानाचं इंजिन चाकांना हातच लावत नाही, ते हवा मागे ढकलतं, चाकं नुसती गरगरायला. पट्टा उलटा पळाला तर चाकं दुप्पट फिरतील, विमान पुढे जाणारच.

"माझे साडू ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. मिगपासून सुखोईपर्यंत."

"मग ते काय म्हणतात?"

"आमचं बोलणं नाहीये. प्लॉटवरून."

मी २००८ सालचं सांगितलं, अमेरिकेत टीव्हीवाल्यांनी लांबच लांब ताडपत्रीवर छोटं विमान उभं केलं, ताडपत्री गाडीने उलटी ओढली, तरी विमान उडालं. काका म्हणाले, "अमेरिकेत उडत असेल."

मग मात्र डोकं सटकलं. त्यांचीच जिऱ्याच्या पाण्याची स्टीलची बाटली चालू पट्ट्यावर आडवी ठेवली, मागून एक बोट लावलं. बाटली गरागरा फिरतेय पण मागे येत नाही, बोटाने जरा रेटली की पुढे सरकतेय. बघा काका, हे बोट म्हणजे इंजिन! काका वाकून बघायला लागले, मला पण जोर चढला, आणि नेमकं बोट सटकलं. बाटली मागच्या आरशावर धाडकन.

काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही पडलात, बाटली पडली. आता विमानाचं काय ते तुम्हीच सांगा."

तोवर ट्रेनर आला. मला वाटलं लागलं का विचारेल. तो म्हणाला, "सर, इजा झाली तर आम्ही जबाबदार नाही असं फॉर्मवर लिहिलंय, तुमची सही आहे." वर्षाची फी भरून घेताना हा मला दादा म्हणत होता.

आज लंगडत गेलो तर काकांनी लांबूनच हाक मारली, "या कॅप्टन!" आणि बाटलीला पोचा आलाय म्हणे, सुनेने दिवाळीला दिलेली होती, त्याचं काय ते बघा.