भावंडाला जागा द्या, घराण्याला नको

पुण्यातल्या माझ्या मामेबहिणीच्या धाकट्याला नर्सरीत प्रवेश मिळाला नाही. थोरली त्याच खासगी शाळेत दुसरीला आहे. फॅमिली ग्रुपवर रणकंदन माजलं. निम्मे म्हणत होते, सख्ख्या भावाला तरी घ्यायला हवं होतं. उरलेले म्हणत होते, म्हणजे पुन्हा ओळखीपाळखीच ना! शेवटी काकांनी मला ओढलं : "ताई, सांग यांना, लंडनला असलं काही चालत नाही."

चालतं की! इथल्या सरकारी शाळांतसुद्धा भावंडांना प्राधान्य असतं, फक्त ते आधी छापलेलं असतं. प्राथमिकचे अर्ज 15 जानेवारीपर्यंत, निकाल 16 एप्रिलला. सरकारच्या देखरेखीखाली वाढणारी मुलं आधी, मग बहुतेक ठिकाणी भावंडं, मग घरापासूनचं अंतर. मुलाखत घ्यायची नाही, देणगी मागायची नाही, आईबापाचा हुद्दा विचारायचा नाही. प्रवेश नाकारला तर स्वतंत्र पॅनेलपुढे अपील करता येतं.

लबाडी इथेही आहे. थोरल्याच्या वेळी शाळेला खेटून भाड्याचं घर घ्यायचं, काम झालं की लांब ऐसपैस घरात जायचं; धाकटे आपोआप आत. म्हणून काही ठिकाणी नियमाला शेपूट जोडलंय : ठरावीक अंतरापलीकडे राहायला गेलात, तर भावंडाचा हक्क संपला.

खासगी शाळा मात्र या नियमावलीच्या बाहेर. लंडनमध्ये चौथं वर्ष सरलं नाही तोवर पोराची परीक्षा घेणाऱ्या शाळा आहेत, आणि भावंडाला झुकतं माप द्यायचं की नाही ही त्यांची मर्जी. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 सहा ते चौदा वयाच्या मुलांना प्रवेश देताना खासगी शाळांनाही मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊ देत नाही. कागदावर तरी आपण इंग्लंडच्या पुढे आहोत, काका.

माझं भांडण वेगळंच आहे. दिल्लीत डिसेंबर 2013 मध्ये उपराज्यपालांनी नर्सरीसाठी 100 गुणांचा तक्ता काढला होता : शाळेजवळ राहणाऱ्याला 70, भावंडाला 20, आईवडील माजी विद्यार्थी असतील तर 5, दुसऱ्या राज्यातून बदली होऊन आलेल्यांना 5. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यातल्या 20 गुणांना माझा पाठिंबा आहे, माजी विद्यार्थ्यांच्या 5 ना अजिबात नाही. माझी दोघं वर्षभर दोन शाळांत होती. दोन्ही फाटकं पावणेनऊलाच उघडायची. एकाला आत ढकलून, दुसरीची पायाने रेटायची छोटी स्कूटर खांद्याला अडकवून पावसात पळायचं, आणि वर रजिस्टरमध्ये 'उशिरा' अशी नोंद. भावंडाच्या गुणांमागे ही धावपळ आहे. बाप त्या शाळेत शिकला म्हणून पोराला जागा देण्यामागे काय आहे? वतनदारी.

आणि ग्रुपवर कुणी काढला नाही तो मुद्दा : महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या, गरीब आणि वंचित घरांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून थोरला आत आला, तरी धाकटीचं नाव पुन्हा सोडतीतच जातं. वर्ग तोच, बाक तोच. पण फी भरणाऱ्यांच्या घरी भावंड म्हणून विचार तरी होतो, आणि रिक्षावाल्याच्या घरी चिठ्ठी. त्याच्या बायकोला दोन फाटकांवर धावायला जास्त वेळ असतो, असं सरकारला वाटतं की काय?