पिवळ्या केळ्यावरचा आळ

श्रावणी सोमवार. धुळ्यात एका हातगाडीवर केळी घ्यायला उभा होतो. शेजारच्या बाईंनी एक फणी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. "नको भो, पावडर शे यास्ले." गाडीवाला काहीच बोलला नाही. दिवसभरात किती जणांशी वाद घालणार?

घरी येऊन फोन पाहिला तर तीच पावडर आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर सकाळीच येऊन पडलेली. पाठवणारी माझी आत्या. तिच्या सासरी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात तीन पिढ्यांपासून केळीची बाग आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितोय.

मेसेजची रूपं बरीच आहेत, सार एकच. बाजारातली सगळी केळी कार्बाइडच्या पाण्यात बुडवून पिकवतात. देठ हिरवा आणि साल एकसारखी पिवळी असेल तर ते विष. देठ काळा आणि सालीवर ठिपके असतील तर नैसर्गिक. इथिलीन गॅसमुळे कॅन्सर होतो, परदेशात त्यावर बंदी आहे. टिश्यू कल्चरची केळी म्हणजे जनुकं बदललेली. त्यात आता व्हायरस आलाय, तो माणसालाही होतो. केळी बंद करा, सफरचंद खा. मुलांवर प्रेम असेल तर 20 जणांना पाठवा. सोबत हिरव्या फण्या टाकीत बुडवणाऱ्या हातांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ.

यात खरं काय आहे ते आधी सांगतो. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड, म्हणजे तीच पावडर, वापरणारे लोक आहेत. ते बेकायदा आहे. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत त्यावर स्पष्ट बंदी आहे. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळ पिकल्यासारखं दिसतं. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, खरा धोका त्यांचा. असा व्यापारी सापडला तर त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी, त्याची वकिली मी करणार नाही.

पण "कार्बाइडच्या पाण्यात बुडवून"? वेल्डिंगच्या दुकानात कोणालाही विचारा. कार्बाइड पाण्यात टाकलं की तिथल्या तिथे फसफसून वायू उडून जातो आणि खाली चुना उरतो. त्या पाण्यात केळी बुडवली तर पांढरी होतील, पिवळी नाहीत. कार्बाइडवाले पुडी बांधून क्रेटमध्ये ठेवतात, टाकी भरत नाहीत.

मग व्हिडिओतली टाकी कसली? जळगाव जिल्ह्यात रावेर-सावद्याकडच्या केळी पॅकिंगच्या जागी गेलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. घडापासून फणी वेगळी केली की कापलेल्या जागेतून चीक गळतो आणि सालीवर काळे डाग पाडतो. म्हणून फण्या तुरटीच्या पाण्यात धुतात. आखातात जाणाऱ्या मालालाही हीच आंघोळ असते. आता व्हिडिओतली टाकी तीच, असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण त्यात गाव नाही, तारीख नाही, आवाजही नंतर चढवलेला. फळं पिकवणाऱ्या इथेफॉन या रसायनाच्या द्रावणात फळं थेट बुडवणारे व्यापारीही असतात, आणि तेही नियमाबाहेर आहे. पण नुसत्या हिरव्या फण्या आणि पाणी पाहून यातलं काय चाललंय ते मलाही कळत नाही आणि मेसेज लिहिणाऱ्यालाही कळलेलं नाही. फरक इतकाच की त्याने सांगून टाकलं.

आता हिरवा देठ आणि पिवळी साल. माझा मुख्य राग या मुद्द्यावर आहे. बाकीच्या गोष्टी लोक विसरतात, पण ही खूण हाताला लागते. गाडीवरच्या बाईंनी फणी उलटी करून देठच पाहिला होता.

केळी पिकवणाऱ्या धंद्यात सालीच्या रंगाचे सात टप्पे मानतात. पहिला गडद हिरवा. पाचव्यात साल पिवळी, पण देठ आणि टोक अजून हिरवं. सहाव्यात पूर्ण पिवळं. सातव्यात पिवळ्यावर तपकिरी ठिपके. किरकोळ विक्रेता पाचव्याच्या आसपासचा माल उचलतो, कारण सातव्याचा घेतला तर संध्याकाळपर्यंत गाडीवरच गळून जाईल. म्हणजे मेसेजातलं "विषारी" केळं आणि "नैसर्गिक" केळं हे एकच केळं आहे, फक्त एक सोमवारचं आणि दुसरं गुरुवारचं.

एकसारख्या पिवळ्या रंगाचं कारण तर आणखी गमतीचं आहे. आपल्याकडची ग्रँड नैन काय, बसराई काय, श्रीमंती काय, सगळी कॅव्हेंडिश गटातली. या गटाची खोड अशी की साधारण 24 अंशांच्या वर तापमान असेल तर आतला गर पिकतो, पण सालीतला हिरवा रंग नीट उतरत नाही. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात गोणपाटाखाली घड पिकवलाय त्यांना आठवेल, केळं बोटाने दाबलं तर मऊ आणि दिसायला हिरवट. भुसावळच्या मे महिन्यात दुसरं काय होणार! रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीत, तापमान 16 ते 18 अंशांवर धरतात आणि हवा दमट ठेवतात, म्हणून सगळी फणी सारखी पिवळी होते. तो रंग थंडाव्याने येतो, पावडरीने नाही. थंडावा फार झाला, 13 अंशांच्या खाली गेला, की तीच साल काळवंडते. फ्रीजमध्ये केळी ठेवणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे.

आणि गंमत बघा. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ग्राहकांसाठीच्या सूचनांत सालीवर काळे चट्टे असलेली फळं टाळा असं म्हटलंय, कारण ती कार्बाइडने पिकवलेली असण्याची शक्यता जास्त. ती सूचना सगळ्याच फळांसाठी आहे आणि चट्टे म्हणजे ठिपके नव्हेत, हे मान्य. तरी मेसेजवर विसंबून काळपट फळ शोधत फिरणारा माणूस नेमका कुठे जाऊन पोचतो ते पाहा. खरं सांगायचं तर नुसत्या डोळ्यांनी कार्बाइड ओळखण्याची पक्की खूण नाही. फारच शंका असेल तर हिरवी फणी आणून घरी पिकवा, पिकलेली मिळाली तर धुऊन घ्या.

"इथिलीनने कॅन्सर." इथिलीन हा वायू केळं स्वतःच तयार करतं. आंबा, पपई, टोमॅटोही करतात. पिकणारी फळं हा वायू सोडतात हे रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने 1934 साली दाखवून दिलं. चेंबरमध्ये तोच वायू थोडा बाहेरून देतात, म्हणजे सगळ्या फण्या एकाच वेळी जाग्या होतात. आपल्याकडे 2016 पासून त्याला दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत परवानगी आहे. "परदेशात बंदी" तर उलटंच आहे: जगभर केळी हिरवीच बोटीत चढतात आणि पोचल्यावर इथिलीननेच पिकवली जातात. आपले आजोबा बंद खोलीत गोवऱ्यांचा धूर करून घड पिकवायचे, त्या धुरातही इथिलीनच काम करायचं. झाडावर पिकू दिलेलं केळं फुटतं, पिठूळ होतं, वटवाघळं खातात. म्हणून तीन चतुर्थांश भरलेला घड हिरवाच उतरवायचा ही रीत मेसेजपेक्षा कितीतरी जुनी आहे.

कॅन्सरवरच्या संशोधनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने इथिलीनला कर्करोगकारक ठरवलेलं नाही; ठरवण्याइतका पुरावा नाही अशा गटात ते आहे. ठरवलंय ते इथिलीन ऑक्साइडला. तो वेगळा पदार्थ, जंतू मारायला वापरतात. 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर आक्षेप घेतला तो त्याच्यावरून. बातमीतला "ऑक्साइड" गळून पडला की उरतं ते केळीवाल्याच्या माथी मारायला सोपं जातं.

टिश्यू कल्चरचं थोडक्यात. खाण्याच्या केळ्यात बी नसतं. केळीचं प्रत्येक झाड आपल्या आईच्या कंदातून, बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यातून येतं, म्हणजे तिचीच नक्कल. टिश्यू कल्चरमध्ये ही नक्कल शेताऐवजी काचेच्या बरणीत होते आणि रोप निरोगी मिळतं. जनुकं बदलणं ही निराळी गोष्ट, आणि तसं केळं भारतात व्यापारी लागवडीत नाहीच. 1990 च्या दशकात जळगावात ही रोपं आली, ठिबक आलं, आणि बाराएक महिन्यांत घड हाती येऊ लागला. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. या जिल्ह्याचं नाव ज्या फळामुळे दिल्लीच्या बाजारात ओळखलं जातं, त्याच फळावर त्याच जिल्ह्यातल्या ग्रुपवर हा आळ.

व्हायरसची गोष्ट मात्र खरी आहे, अर्धी. कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू केळीवर येतो, आपले शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. मावा तो पसरवतो. पानं पिवळी पट्टेदार होतात, पोंगा म्हणजे मधला कोवळा कोंब सडतो, आणि उभी रोपं उपटून फेकावी लागतात. ज्याने हे केलंय त्याच्यापाशी या रोगाची मस्करी करू नये. पण वनस्पतीचा हा विषाणू माणसाला होत नाही. 2020 च्या मे महिन्यात टोमॅटोच्या अशाच रोगावरून काही वाहिन्यांनी हा कोरोनापेक्षा भयंकर असल्याच्या बातम्या चालवल्या होत्या. आधीच लॉकडाऊन, त्यात हे. त्यामुळे सगळा दोष फोनला देऊन टीव्हीला सोडू नका.

व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हाही असं झालंय, आणि तेही आपल्याच भागात. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला. देशातल्या कोंबड्यांत पहिल्यांदाच. रोग खरा होता, लाखो पक्षी मारावे लागले. पण नीट शिजवलेलं चिकन सुरक्षित आहे असं सरकार सांगत असताना, नवापूर नकाशात दाखवता येणार नाही अशा गावांतही लोकांनी चिकन बंद केलं. चौदा वर्षांनी "चिकनमुळे कोरोना होतो" ही निव्वळ थाप आली आणि परिणाम तोच झाला, भाव कोसळले. बातमी खरी की खोटी, याचा गिऱ्हाइकाच्या हाताशी फार संबंध नसतो. फणी परत ठेवायला त्याला काहीच खर्च येत नाही. केळी नाहीतर पेरू घेईल. खर्च येतो तो ज्याच्या शेतात घड भरलाय त्याला, कारण भरलेला घड थांबत नाही. मागणी नाही म्हटलं की व्यापारी भाव पाडतो, आणि खरंच मागणी पडली होती का मेसेजचं नुसतं निमित्त झालं, हे त्या शेतकऱ्याला कधी कळतही नाही. भीती आठवडाभर टिकते, केळं तेवढं टिकत नाही.

मग आत्याने का पाठवला? मी फोन करून विचारलं. ती म्हणाली, "आपल्या बागेचं नाही रे, ते बाजारातल्यांचं आहे." इथेच मेख आहे. मेसेजात कोणाचं नाव नसतं. शेतकऱ्याला वाटतं व्यापारी करतो, व्यापाऱ्याला वाटतं पलीकडचा व्यापारी करतो, गिऱ्हाइकाला वाटतं सगळेच करतात. आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवतं तो मेसेजवर नव्हे, आत्यावर. ती केळीवाल्यांच्या घरची, तिला माहीत असणारच!

"20 जणांना पाठवा" याबद्दल लिहू की नको असं झालं होतं, कारण केळ्याच्या गोष्टीत ही दुसरी गोष्ट आणणं बरं दिसत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं. त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा कापलेला तुकडा होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. आत्याच्या मेसेजवर दोन बाणांची खूण होती. ती खूण एवढंच सांगते की पाठवणाऱ्याने हे लिहिलेलं नाही आणि लिहिणारा फार लांब आहे. आत्याला मी ती दाखवली. तिला वाटत होतं, मेसेज महत्त्वाचा असला की बाण दोन येतात.

राहिलं सफरचंद. केळी सोडून ते खा म्हणणाऱ्याला माहीत नसावं की सफरचंद शीतगृहात कित्येक महिने झोपवून ठेवतात, वर मेणाचा हात फिरवतात. त्यातही वाईट काही नाही, खुशाल खा. आणलंच तर एक प्रयोग करा. कागदाच्या पिशवीत दोन हिरवी केळी ठेवा, सोबत एक पिकलेलं सफरचंद, तोंड मुडपून दोन-तीन दिवस खोलीत राहू द्या. इथिलीन सफरचंदातूनही सुटतो. पिशवी उघडाल तेव्हा केळ्यांची साल पिवळी झालेली असेल आणि देठ बहुतेक हिरवाच.