खालचा दोरा

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचा वाद पुन्हा पेटला. कुणीतरी एक फोटो टाकला होता. दहा-बारा वर्षांचा मुलगा पोळपाटाशी बसलेला आणि खाली ओळ : ‘आजच्या मुलाला पोळ्या लाटायला शिकवा, उद्याची सून आशीर्वाद देईल.’ सूनबाई अजून कुठे जन्मल्यात की नाही ठाऊक नाही, पण आशीर्वादाची सोय झाली. एकाने लिहिलं, हे संस्कार घरातूनच यायला हवेत. दुसरा म्हणाला, माझा मुलगा सकाळी सहाला नीटच्या क्लासला जातो, तो पोळ्या कधी लाटणार? तिसऱ्याने अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे रविवारचं मटण मीच करतो. त्यावर एका मैत्रिणीने दोनच शब्द लिहिले, ‘आणि भांडी?’ ग्रुप अर्धा तास गप्प. मग कुणीतरी मला ओढलं : ‘तुमच्या स्वीडनमध्ये बरंय बाबा, तिथली मानसिकताच वेगळी.’

मी तेव्हा काहीतरी टाइप केलं आणि खोडलं. मानसिकता या शब्दाशीच माझं भांडण आहे आणि ते चार ओळींत मावणारं नव्हतं.

गोथेनबर्गला येऊन मला अकरा वर्षं झाली. इथल्या पुरुषांची मनं आपल्यापेक्षा फार उदार आहेत असं मला वाटत नाही. त्यांना बटण लावता येतं आणि मला येत नव्हतं, एवढा फरक मात्र पहिल्याच हिवाळ्यात कळला. जाड कोटाचं बटण तुटलं म्हणून मी ऑफिसात शिंप्याचा पत्ता विचारत होतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, सहा फुटी, हॉकी खेळणाऱ्या गड्याने, ड्रॉवरमधून सुईदोरा काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला वाटलं मी सुई मागतोय. शिवायचं कुणाकडून हा प्रश्न त्याच्या डोक्यातच नव्हता.

याचं मूळ शाळेच्या वेळापत्रकात आहे. इथे ‘स्लोइड’ नावाचा विषय सक्तीचा असतो. स्लोइड म्हणजे हातकाम : लाकूड, धातू, कापड, लोकर. नऊ वर्षांच्या शालेय शिक्षणात त्याला किमान ३३० तास द्यावे लागतात. शिवाय घरकाम आणि ग्राहकव्यवहार असा एक स्वतंत्र विषय, त्याचे ११८ तास. त्यात स्वयंपाक, सफाई, कपड्यांवरची धुण्याची चिन्हं, महिन्याचा हिशोब असं सगळं येतं. आमच्यापासून तासाभराच्या आत नेस नावाची जुनी इस्टेट आहे. ओटो सालोमोन नावाच्या गृहस्थाने १८७०च्या दशकात तिथे शिक्षकांना हे हातकाम शिकवायला सुरुवात केली आणि पुढे देशोदेशीचे शिक्षक तिथे येऊन शिकून गेले.

आता गंमत अशी की हेही बरीच वर्षं आपल्यासारखंच होतं. मुलांनी रंधा मारायचा, मुलींनी भरतकाम करायचं. घरकामाचा विषय १९६२च्या अभ्यासक्रमात मुलग्यांनाही सक्तीचा झाला आणि १९६९च्या अभ्यासक्रमाने मुलामुलींना लाकूड आणि कापड दोन्ही हाताळायला लावलं. म्हणजे आज साठी ओलांडलेला स्वीडिश आजोबा शाळेत शिवणयंत्रावर बसलेला असतो. त्याला कुणी समतेवर व्याख्यान दिलं असेल-नसेल, पण मंगळवारी दुपारी टीप मारायला बसवलं होतं.

आणि गुण दिले. हा मुद्दा मराठी पालकांना लगेच कळेल. इथे सहावीपासून श्रेणी मिळते आणि नववीनंतरच्या प्रवेशाला ती मोजतात. स्लोइडमधल्या ए श्रेणीचे वीस, गणितातल्या ए श्रेणीचेही वीस. (गणितात पास व्हावंच लागतं, ते वेगळं.) आमच्या मुलाच्या वर्गातल्या एका भारतीय बापाने हे ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी तो यूट्यूबवर ओव्हरलॉक शिलाईचे व्हिडिओ बघत होता.

आमच्या शाळेतही कार्यानुभव नावाचा तास होता की. मुली एका खोलीत रुमालावर साखळी टाका घालायच्या आणि आम्ही मुलं मैदानाच्या कडेला खडू नाहीतर फिनेल करायचो. खडू तुटके निघायचे. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांना जायचा आणि कुणाची तक्रार नसायची. त्याआधीच्या पिढीचं मात्र वेगळं होतं. माझ्या आजोबांना टकळीवर सूत काढता यायचं, तेही शाळेत शिकलेलं. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातकामाभोवती सगळं शिक्षण उभारायचं अशी नई तालीम तिथून निघाली. सूत काढणं खेडोपाडी बायकांचं काम समजलं जायचं, पण शाळेत मुलगेही टकळी फिरवायचे. म्हणजे ही कल्पना युरोपातून आयात करायची गरज नाही, ती वर्ध्यालाच धूळ खात पडली आहे. टकळी गेली कारण तिचे गुण धरले जात नव्हते आणि इंग्रजीचे धरले जात होते, असं मला वाटतं. इतिहासाचे जाणकार आणखी दहा कारणं देतील.

तिकडचे वाद मी इथून वाचतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडतायत असं चित्र आलं, डॉक्टर आणि वाहतूक पोलीस बाई दाखवल्या. चांगलं झालं. २०२४मध्ये केरळच्या तिसरीच्या पुस्तकात बाबा नारळ खवताना दिसले, त्याचंही कौतुक झालं. पण चित्रातल्या बाबांनी भाजी निवडली म्हणून वर्गातल्या मुलाच्या हातात विळी येत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना हातकामाची ओळख करून द्यायला सांगितलंय. उदाहरणं दिलीत ती सुतारकाम, विजेचं काम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम. पुढे ‘इत्यादी’. शिवण आणि स्वयंपाक त्या ‘इत्यादी’त बसलेत. आपल्याकडे ते नेहमी तिथेच बसतात.

खरं तर आपल्याकडे पुरुषांचे हात या कामांना कधीच परके नव्हते. शिंपी पुरुष, आचारी पुरुष, हलवाई पुरुष. लग्नाच्या पंगतीला पाचशे माणसांचा मसालेभात करणारा गडी घरी चहाचा कप उचलत नाही. कामाला पैसे लागले की ते पुरुषाचं होतं आणि घरात फुकट करायचं असलं की बाईचं. वारली चित्रं घ्या. लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा रोजच्या रोज, कागदावर, स्वतःच्या आनंदासाठी काढायला घेतली आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे मोठेच कलावंत, त्यात शंका नाही. पण त्यांच्याआधी पिढ्यानपिढ्या चौक लिहून गेलेल्या बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्यापैकी कुणाला सांगता येईल का?

ग्रुपवरच्या मटणवाल्या मित्राचंही हेच आहे. त्याचं मटण ही हौस आणि बायकोची आमटी हे काम. हौसेला प्रेक्षक लागतात, फोटो लागतो. २०१९च्या सरकारी वेळवापर पाहणीत आलं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवतात. पुरुषांपैकी चारातला जेमतेम एक घरकामाला हात लावतो आणि लावतो तो ९७ मिनिटं. बाकीच्या तिघांपैकी काहीजण रविवारी मटण करत असणार, पाहणीवाले रविवारी आले नसतील.

उलट दिशेने जाणाऱ्या बाईला कौतुकही मिळत नाही, तिला काळजी मिळते. इथे हिवाळी टायर घालावे लागतात, डिसेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ-बिर्फ असेल तर कायद्यानेच. टायर बदलून देणाऱ्या दुकानात रांग लागते, म्हणून माझ्या बायकोने ते काम शेजारच्या सत्तरीतल्या बाईंकडून शिकून घेतलं. जॅक कुठे लावायचा, गाडी उचलण्याआधी नट थोडे सैल करायचे, घट्ट करताना एकाशेजारचा एक न घेता समोरासमोरचे घ्यायचे. तिने पहिल्यांदा चारही टायर एकटीने बदलले तेव्हा काळे हात दाखवायला तिच्या बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा म्हणाले, ‘जपून गं. जावई कुठे आहेत?’ जावई आत डोसे घालत होते. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, ‘अगंबाई, ते डोसेसुद्धा घालतात?’ चार टायर एकीकडे आणि तीन डोसे एकीकडे. शाबासकी डोशांना मिळाली. मी ती घेतली, हेही कबूल करतो.

आणखी एक कबुली. दर दोन वर्षांनी आम्ही चार आठवड्यांसाठी घरी जातो. इथे रोज रात्री भांडी लावणारा मी तिकडे पहिल्याच दिवशी ताट जागेवर सोडून उठतो. आई उचलू देत नाही, हे खरं. पण मी दुसऱ्यांदा विचारत नाही, हेही खरंच. मानसिकता बदलली असती तर ती विमानात माझ्याबरोबर आली असती. इथे घरकामाला बाई परवडत नाही आणि आई सात हजार किलोमीटरवर आहे, म्हणून मला भांडी घासता येतात.

स्वीडनचं फार कौतुकही नको. वरच्या वर्गांत मुलांना लाकूड की कापड असं निवडायला दिलं की मुलगे बहुतेक लाकडाकडे जातात आणि मुली कापडाकडे. माझ्या मुलाची बालवाडी बायकांच्या भरवशावर चालली आणि आमच्या घरी आलेला प्रत्येक प्लंबर, इलेक्ट्रिशियन पुरुष होता. २००७पासून तर सरकार घरसफाईच्या मजुरीत निम्मी करसवलतही देतं. तेव्हापासून ज्यांना परवडतं ते बाहेरून माणूस बोलावतात. दारात उभं राहणारं ते माणूस बहुधा बाई असतं आणि बहुधा दुसऱ्या देशातून आलेलं. नवरा-बायकोतलं भांडण मिटतं ते असं. आपल्याकडे दोघं कमावणाऱ्या घरांत ते याच वाटेने कधीच मिटलंय, फक्त करसवलत नाही.

तरीही ३३० तास उरतातच. ज्याच्या हाताला टीप माहीत आहे त्याला ‘मला जमत नाही’ म्हणायची सोय राहत नाही, आणि मला वाटतं पुरुषांची खरी ढाल तीच आहे. ‘मी करणार नाही’ असं आजकाल कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात, ‘मी केलं तर बिघडेल, तूच कर.’ म्हणून ग्रुपवर मला लिहायचं होतं ते एवढंच : सून, आशीर्वाद, संस्कार हे सगळं राहू द्या, आठवड्याला दोन तास द्या, मुलामुलींना एकाच खोलीत बसवा आणि दहावीच्या टक्क्यांत त्याचे गुण धरा. नीटचा क्लास मग आपोआप सकाळी सातला सुरू होईल.

या वर्षी आमच्या मुलाला स्लोइडमध्ये पायजमा शिवायचाय. तयार नमुना नाही, घरच्या एका जुन्या पायजम्यावरून माप स्वतः काढायचं. त्याने एका पायाची उलटी बाजू बाहेर ठेवून शिवली आणि मग तो अख्खा पाय उसवत बसला. उसवायला एक बारकं दुतोंडी हत्यार मिळतं, त्याने तो एकेक टाका कापत होता. चाळीस मिनिटं मी शेजारी बसून बघत होतो. मला मदत करता येत नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिने बघितलं आणि हसली, ‘काय रे, शिंपी होणार का?’ नातू म्हणाला, ‘नाही, पायजमा होणार.’ मग त्याने लोप्पिसमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, आणलेल्या मशीनवर पुन्हा टीप मारून दाखवली. आईने चष्मा वर केला. ‘फोन जवळ ने. अजून जवळ. वरच्या अंगाला दोऱ्याचे फुगे आलेत ना? खालचा दोरा सैल आहे. बॉबिनची डबी काढ बाहेर.’ पुढची वीस मिनिटं ती माझ्याशी बोललीच नाही. डबीवरचा बारका स्क्रू किती फिरवायचा, डबी दोऱ्याने लटकवून हलकेच झटका दिला की ती थोडीशीच खाली घसरली पाहिजे, हे ती तिकडून हातवारे करून सांगत होती आणि हा इकडे डबी लोंबकळत धरून उभा होता.

माझ्या लहानपणी घरात पायमशीन होतं. आई गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवायची आणि मी त्याच मशीनच्या पायरीवर गाडी-गाडी खेळायचो. मी तिला म्हटलं, ‘मला का नाही शिकवलंस हे?’

‘तू कधी विचारलंस?’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘आणि विचारलं असतंस तर मी शिकवलं असतं का, कोण जाणे.’ इकडून नातवाने हाक मारली. नेफ्यात नाडी जात नव्हती.

‘सेफ्टी पिन लाव टोकाला,’ आई म्हणाली, ‘आणि कापड मागे सरकवत जा. नाडी ओढू नको.’