भर्तृहरीला जेवू कोण घालत होतं? (कोसंबींवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर,

गणितज्ञ आणि मार्क्सवादी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लेखापेक्षा जास्त वाचली गेली, असं दिसतंय. उत्तर लांबणार, म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सर पार्ल्यात संस्कृत शिकवून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं असं, की कोसंबी गणितात आणि नाण्यांच्या अभ्यासात थोर असतील, पण काव्यात त्यांना गती नव्हती. संस्कृत कवी भर्तृहरीला त्यांनी राजदारी ताटकळणारा उमेदवार केलं, वारीची मेंढरांची वाट केली आणि पक्षाच्या पोथीप्रमाणे सगळं नेऊन पोटाशी बांधलं. शिवाय मी लेखात म्हटलेला कोसंबींचा मराठी समीक्षेवरचा प्रभाव: इंग्रजीत लिहिणाऱ्याचा प्रभाव तो कसला? आणि जाता जाता एक चिमटा: हार्वर्डला शिकलेल्या, डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई करणाऱ्या साहेबाला धनगर काय कळणार!

भर्तृहरीपासून सुरुवात करते, कारण तो तुमचा प्रांत. ज्या माणसाला काव्यात गती नव्हती म्हणता, त्याने शतकत्रयीची, म्हणजे भर्तृहरीच्या तीन शतकांची, चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यात वर्षं घालवली. शेकडो हस्तलिखितं तपासली, कुठला श्लोक कुठल्या परंपरेत आहे आणि कुठला मागाहून घुसलाय ते लावलं, आणि 1948 साली ती आवृत्ती आपल्या मुंबईतल्या भारतीय विद्या भवनाच्या सिंघी जैन ग्रंथमालेत निघाली. मग 1957 मध्ये वि. वि. गोखल्यांबरोबर विद्याकराने संकलित केलेला संस्कृत श्लोकांचा संग्रह ‘सुभाषितरत्नकोश’. नावडत्या कवींसाठी कोणी इतकी हमाली करत नाही. दिवसा टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गणित, आणि त्याखेरीज हे.

आता त्यांनी भर्तृहरीबद्दल म्हटलं काय? की हा शिकल्यासवरल्या पण आश्रयाला मोताद असलेल्या वर्गाचा कवी आहे, आणि त्याचं वैराग्य त्या मोतादपणातून वेगळं काढता येत नाही. तुम्हाला हे अपमानास्पद वाटतं. पण तुम्हीच वर्गात शिकवलेला श्लोक पाहा:

बोद्धारो मत्सरग्रस्ताः प्रभवः स्मयदूषिताः ।
अबोधोपहताश्चान्ये जीर्णमङ्गे सुभाषितम् ॥

जाणकार मत्सराने ग्रासलेले, धनी गर्वाने बिघडलेले, उरलेले अडाणी. तेव्हा सुभाषित अंगातल्या अंगातच जिरून गेलं. कवी इथे आपला श्रोतृवर्ग मोजून दाखवतोय. एक: बरोबरीचे पंडित. दोन: पैसे देऊ शकणारे. तीन: बाकी सगळे, म्हणजे कुणबी, कारागीर, बायका, ज्यांच्या भाषेत तो लिहीत नाही आणि ज्यांना तो एका शब्दात ‘अबोध’ म्हणून निकालात काढतो. चौथा गिऱ्हाईक नाही. कोसंबींनी बाहेरून काही आणून चिकटवलं नाही, श्लोकातच आहे ते. ‘जीर्णमङ्गे’ मधली कळ मला आधी जाणवत होती तशी आताही जाणवते. आता एवढंच कळतं की ती कोणाची कळ आहे, आणि त्यात कोणाला जागा नाही.

तुमच्या बाजूने जे खरं आहे ते तुमच्यापेक्षा जोरात अमेरिकन संस्कृतज्ञ डॅनियल इंगल्स यांनी मांडलंय. ‘सुभाषितरत्नकोशा’चा इंग्रजी अनुवाद त्यांनी 1965 साली काढला, आणि प्रस्तावनेत कोसंबींशी उघड वाद घातला: या कवितेचे संकेत, तिचा रस, तिची बांधणी तिच्याच नियमांनी वाचायला हवी. मला हे मान्य आहे. दोन कवी एकाच राजाच्या पदरी असताना एकाचा श्लोक तोंडी बसतो आणि दुसऱ्याचा का बसत नाही, याला कोसंबींकडे उत्तर नाही. तिथे मर्ढेकर, पाटणकर या सौंदर्यमीमांसकांकडेच जावं लागतं. पण मराठीत हे काम करणारे पुष्कळ होते. कोसंबींचा प्रश्न विचारणारे कमी.

म्हणूनच ‘प्रभाव’ हा शब्द मी वापरला. आपल्याकडे 1930 च्या दशकापासून भांडण चाललं ते कलावाद की जीवनवाद, फडके की खांडेकर. लालजी पेंडशांनी त्यात मार्क्सवाद आणला. पण भांडणाचा रोख लेखकाने काय लिहावं यावर राहिला. म्हणजे उपदेशच. जे लिहिलं गेलं ते कोणाच्या अन्नावर लिहिलं गेलं आणि आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आलं, ही विचारणा कोसंबींनी गंभीरपणे केली. ती मराठीला लावून पाहा. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तो भर्तृहरीच, सतराव्या शतकातल्या वामन पंडिताने मराठीत आणलेला. पण तो तुमच्या-माझ्या जिभेवर आला कसा? कीर्तनकार-पुराणिकांच्या मुखातून तर आलाच, पण 1854 साली परशुरामतात्या गोडबोल्यांनी ‘नवनीत’ हा जुन्या मराठी कवितांचा संग्रह काढला आणि शाळाखात्याने तो पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातात दिला, त्याचा वाटा मोठा. मोरोपंत, वामन, रघुनाथ पंडित ‘अभिजात’ झाले. लावणीकार शाहीर बराच काळ उंबऱ्याबाहेर राहिले, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायका त्याहून लांब. मराठी रसिकतेचा अर्धा इतिहास हा क्रमिक पुस्तकांचा इतिहास आहे, आणि आपण त्याला अभिरुची म्हणतो. (माझीही तशीच घडली. आर्या वाचताना अजून पाय आपोआप ताल धरतो.)

‘पोटाशी बांधलं’ याबद्दल एकच ओळ पुरे, आणि ती मार्क्सची नाही: ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. तुकोबांना स्वतःच्या दिवाळ्याचा, दुष्काळाचा हिशेब अभंगात मांडताना लाज वाटली नाही. ती आपल्यालाच का वाटते?

वारीचं पाहू. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) मधला मुद्दा असा आहे: आषाढाच्या सुमाराला मावळात ओल धरते, ती मेंढरांना सोसत नाही, म्हणून धनगर कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या माळाकडे सरकतात. या जुन्या हंगामी वाटांवर कोसंबींना गारगोटीची नखाएवढी पाती सापडली, अश्मयुगातली. त्याच वाटांच्या आसपास म्हसोबा, म्हातोबा, आया-जोगण्यांची ठाणी. आणि याच पट्ट्यातून पालख्या जातात. यात ज्ञानोबा-तुकोबांचं काय कमी झालं? पाऊलवाट संतांपेक्षा जुनी निघाली, इतकंच. पुढे लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी 1984 सालच्या ग्रंथात विठ्ठल गवळी-धनगरांचा देव म्हणून उलगडला. ढेरे काही मार्क्सवादी नव्हते. त्यांच्यावर कोणी वारीचा अपमान केल्याचा आरोप ठेवत नाही. साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं त्या ग्रंथाला. धनगर तेच, माळ तोच. एकाला पोथीनिष्ठ म्हणायचं आणि दुसऱ्याला ऋषी, हे मला जमत नाही.

पोथीचं म्हणाल तर कम्युनिस्ट पुढारी कॉम्रेड डांग्यांचं उदाहरण घ्या. गिरणगावात डांग्यांचा शब्द म्हणजे काय होता, हे परळ-लालबागच्या जुन्या लोकांना विचारा. त्यांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक 1949 साली आलं आणि कोसंबींनी त्याच वर्षी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्याची सालं काढली. आक्षेप काय, तर मार्क्सचं नाव घेतलं की विचार करायची गरज उरत नाही असं समजू नका, पुरावे आणा.

इंग्रजीचा मुद्दा राहिला. कोसंबींच्या घरात मराठी कमी नव्हती. वडील धर्मानंद बुद्धावर मराठीत लिहीत होते आणि 1930 च्या दशकात त्यांनी परळला, गिरण्यांच्या मधोमध, कामगारांसाठी बहुजन विहार उभारला. मुलाने इंग्रजी निवडली, ती खटकते मलाही. पण प्रभाव पाहायचा तर शरद पाटलांकडे पाहा. धुळ्याचा हा माणूस 1978 साली मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडला, फुले-आंबेडकरांना मार्क्सशेजारी बसवलं आणि 1988 साली अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा ग्रंथ लिहिला. कोसंबींना इतकं बारकाईने वाचून इतकं कडाडून खोडणारा मराठीत दुसरा नाही. कोसंबी जातीला उत्पादनाच्या आदिम पायरीवरचा वर्ग म्हणत. पाटील म्हणाले, जात वर्गात विरघळत नाही, तिला स्वतंत्र शोषणव्यवस्था म्हणून समजून घ्यावं लागेल. मला पाटील बरोबर वाटतात. कोसंबी म्हसोबाच्या शेंदरापर्यंत पोचले, पण शेंदूर लावणाऱ्याला गावात कुठल्या आळीत राहायला लागतं, याचं वजन त्यांच्या मांडणीत कमी पडलं. तुमच्या प्रतिक्रियेत ही हरकत नव्हती, सर. मला तीच अपेक्षित होती.

आता तो चिमटा. पुण्याभोवतीच्या टेकड्या कोसंबींनी पायी तुडवल्या, दगड उचलून पाहिले, धनगरांना आणि गुरवांना प्रश्न विचारले. ते निष्कर्ष चुकले असतील तर दगड दाखवून खोडा. माणूस कुठे शिकला आणि कुठल्या गाडीने आला-गेला यावरून त्याचं मत तोलायचं, ही तर वर्गमीमांसाच झाली. आणि तीही घाईची.