वापरलेले रिव्हॉल्व्हर घेताना विक्रेत्याचे मन कसे राखावे

वापरलेले रिव्हॉल्व्हर विकणाऱ्या प्रत्येक सद्गृहस्थाजवळ दोन वस्तू असतात : एक रिव्हॉल्व्हर आणि दुसरी त्याची हकीकत. त्यांतली दुसरी नेहमीच अधिक चांगल्या स्थितीत असते, म्हणून व्यवहार तिच्याच भरवशावर करावा. रिव्हॉल्व्हर तपासत बसणे म्हणजे त्या हकीकतीची उलटतपासणी घेणे होय, आणि ज्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून बसलो आहोत त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे सभ्य माणसाला शोभत नाही.

हकीकत साधारणपणे अशी असते की, हे रिव्हॉल्व्हर आजोबांचे होते, त्यांनी आयुष्यात त्यातून फक्त सहा गोळ्या झाडल्या, आणि तेव्हापासून ते कपाटात चामड्याच्या म्यानात जिवापाड जपून ठेवलेले आहे. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली रसायने पोलादाला हळूहळू खात राहतात, त्यामुळे म्यानात वर्षानुवर्षे जपलेल्या शस्त्राच्या अंगावर नेमके म्यानाच्या आकाराचे खड्डे पडतात, ही गोष्ट अशा वेळी काढू नये. माया ही मायाच असते. विक्रेता सोबत काडतुसांचे जुने खोकेही भेट देईल. खोक्यावर ५० असे छापलेले असेल आणि आत १४ उरलेली असतील, तर वजाबाकी करण्याच्या फंदात पडू नये. सहा गोळ्या सहा वेळा झाडल्या असतील, असे मनाशी म्हणावे आणि खोके मिटावे.

विक्रेता रिव्हॉल्व्हर आपल्या हाती देताना ‘रिकामे आहे’ असे म्हणतो. हा शब्द प्रमाण मानावा. काही शंकेखोर माणसे नळी सुरक्षित दिशेला धरून आधी सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे फिरते नळकांडे, बाहेर काढतात, त्यातली काडतुसांची सगळी घरे डोळ्यांनी पाहतात, वर बोट लावूनही खात्री करतात, आणि हे सारे चापाजवळ बोट न नेता करतात. अशा माणसांच्या घरी दुर्घटना होत नाहीत, त्यामुळे सांगण्यासारख्या आठवणीही त्यांच्यापाशी नसतात. सिलिंडर परत बसवताना मात्र तळहाताने अलगद लोटू नये, तर पडद्यावरच्या नायकाप्रमाणे मनगटाला झटका देऊन खटकन बंद करावे. ज्या बारीक आडव्या दांड्यावर सिलिंडर टांगलेले असते तो या झटक्यांनी वाकतो हे खरे, पण एवढी ऐट दुसऱ्या कोणत्या यंत्रात मिळणार? विक्रेत्याने स्वतःच हा झटका देऊन दाखवला, तर आजोबाही असेच करीत का, एवढे तेवढे कौतुकाने विचारावे.

आता खरा नाजूक विषय. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी एक आणि घरे सहा असल्यामुळे प्रत्येक घर आपापल्या पाळीला नळीसमोर अचूक येऊन अडकले पाहिजे. घोडा मागे ओढला की आतला पंजा सिलिंडरला फिरवतो आणि घोडा पुरता मागे जाऊन टेकण्याच्या आत खालचा खिळा सिलिंडरच्या खाचेत बसतो. पंजा किंवा खाचा झिजल्या की घोडा टेकतो, पण घर मात्र केसभर मागेच रेंगाळते. संशयी ग्राहक काय करतो, तर सिलिंडरला बोटाचा किंचित अटकाव करून घोडा अगदी सावकाश मागे ओढतो, आणि हे सहाही घरांसाठी सहा वेळा करतो. आपण तसे न करता घोडा झटकन ओढावा, म्हणजे सिलिंडर स्वतःच्या वेगानेच उरलेले अंतर कापते आणि सगळी घरे जागच्या जागी बसलेली दिसतात. समजा हळू ओढल्यावर सहापैकी एक घर चुकले, तरी पाच बरोबर बसलीच ना? परीक्षेत एवढ्या गुणांना कोणी नापास करीत नाही. चुकलेल्या घरातून निघालेली गोळी नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते आणि शिशाचे तासलेले कण बाजूच्या फटीतून उडतात, पण ते प्रामुख्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालावर उडतात, आणि शेजारी आपण उभे राहणार नसतो.

ओढलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने दाबून पाहणे हीसुद्धा अशीच एक असभ्य सवय. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा नुसत्या दाबाने, चाप न ओढता, पुढे पडला तर आतली पकड झिजलेली किंवा कोणीतरी कानसलेली असते. विक्रेता याला ‘चाप अगदी लोण्यासारखा हलका आहे’ असे म्हणतो. लोणी उन्हात काय करते, हे विचारू नये.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट हा मोजमापवाल्यांचा आवडता छंद आहे. रशियाने १८९५ मध्ये स्वीकारलेल्या नागान रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा ओढताच सिलिंडर पुढे सरकून ही फट बुजत असे. बाकीच्या जगाने मात्र फट राहू दिली, म्हणजे ती असायचीच, मग ती किती आहे हे विचारण्यात क्षुद्रपणाशिवाय दुसरे काय आहे? तरीही काही लोक खिशातून मेकॅनिकचे फीलर गेज काढतात, ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतची पाती सरकवतात, सिलिंडर मागेपुढे ढकलून त्याचा खुळखुळा जोखतात आणि फट पाव मिलिमीटरच्या पुढे गेली की तोंड वाकडे करतात. नळीच्या मागच्या तोंडाशी बारीक तडा आहे का, आणि फटीच्या वरच्या पट्टीवर गरम वायूने कोरलेली रेघ किती खोल गेली आहे, हेही ते विजेरी लावून पाहतात. नळीत डोकावताना एखादे काळसर कडे दिसले, तर आत अडकून पडलेल्या गोळीवर मागून दुसरी झाडली गेली आणि तिथे नळी फुगली, असा निष्कर्ष काढण्यापर्यंत त्यांची मजल जाते. आपण विजेरी घरी ठेवून जावे, आणि शक्यतो संध्याकाळी जावे.

काडतुसांच्या नावांत तर मुळातच एवढा गोंधळ आहे की विचारून कोणी शहाणा होत नाही. ०.३८ स्पेशलच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.३५७ इंच असतो. १९३५ मध्ये ०.३५७ मॅग्नम आले तेव्हा त्याचे पितळी कवच मुद्दाम सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवले, कारण त्याचा दाब ०.३८ स्पेशलच्या सुमारे दुप्पट आहे आणि ते जुन्या रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरूच नये अशी व्यवस्था हवी होती. एखादा हौशी माणूस घरे आतून कोरून हा अडथळा दूर करतो आणि विक्रेता ‘यात दोन्ही चालतात’ असे अभिमानाने सांगतो. जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर मागून तासून त्यात ०.४५ एसीपी हे पिस्तुलाचे काडतूस बसवण्याचा उद्योगही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत भरपूर झाला, आणि या काडतुसाचा दाब त्या लोखंडाला कधीच मानवणारा नव्हता. पण एका किमतीत दोन शस्त्रे मिळत असताना लोखंडाचे मत कोणी घ्यावे?

बाह्य रूपाबद्दल थोडेच सांगतो. नवा निळा मुलामा किंवा चकाकते निकेल पाहून आनंदित व्हावे. छापील अक्षरे पुसट का झाली, कडा गोलसर का वाटतात, आणि सहा गोळ्यांच्या या शस्त्राच्या स्क्रूंच्या खाचा कुरतडल्यासारख्या का दिसतात, हे प्रश्न नंतर झोप न आलेल्या रात्रींसाठी राखून ठेवावेत. क्रमांकाच्या जागी नुसती गुळगुळीत पट्टी असेल तर विक्रेत्याच्या स्वच्छतेची तारीफ करावी. परवाना, हस्तांतराची नोंद आणि पावती यांचा विषय निघालाच, तर तो ‘आपल्या आपल्यात कागद कशाला?’ असे म्हणेल, आणि या आपलेपणाने आपले डोळे भरून यावेत. पुढे कोणी गणवेशातला मनुष्य चौकशीला आला, तर आजोबांची हकीकत त्यालाही जशीच्या तशी सांगावी. तो ती लक्षपूर्वक ऐकतो आणि लिहूनही घेतो.

कारागिराकडे जाणे पैसे देण्याच्या आधी कटाक्षाने टाळावे, पण नंतर जरूर जावे. तो सिलिंडर उघडून एक एक घर पाहील, घोडा दोनदा सावकाश ओढील, रिव्हॉल्व्हर फडक्यावर ठेवील आणि दुरुस्तीचा खर्च सांगेल. नाकापेक्षा मोती जड झाल्याचे तेव्हा आपल्या ध्यानात येईल आणि ते विकून टाकण्याचा विचार मनात डोकावेल. तसे झाल्यास खोक्यातल्या १४ काडतुसांना हात लावू नये, आणि ‘फक्त सहा’ हा आकडाही वाढवू नये, कारण तो आपल्याला मूळ वस्तूसोबतच मिळालेला आहे. आजोबा मात्र आपापले घ्यावेत.